गर्दी खेचणाऱ्या चित्रपटावर गांभीर्याने लिहायचं कसं

लोकप्रिय चित्रपटांवरची बहुतेक परीक्षणं एकाच जागी फसतात. लेखकाचा निकाल आधी ठरलेला असतो आणि पुरावा नंतर गोळा होतो. मग ठरलेला साचा येतो: चार परिच्छेद कथानक, अभिनयाला दोन ओळी, संगीताला एक, ‘उत्तरार्ध रेंगाळतो’ हे वाक्य आणि शेवटी तारे. असा मजकूर वाचून लेखकाला चित्रपट आवडला की नाही एवढं कळतं. चित्रपटात नेमकं काय आहे, ते कळत नाही.

‘मनोरंजनच तर आहे, डोकं बाजूला ठेवून बघा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. प्रेम कसं करावं, सूड कधी घ्यावा, कुणावर हसावं, कुणाची भीती बाळगावी, याच्या कितीतरी कल्पना माणसं गर्दीच्या चित्रपटांतूनच घेतात. थोडेच लोक पाहणार अशा चित्रपटावर एक वेळ घाईत लिहिलेलं चालेल. लाखो लोक पाहणार त्याच्यावर नाही. म्हणून खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका ज्ञान कमी पडल्याने होत नाहीत, क्रम उलटा झाल्याने होतात.

## १. पाहण्याआधीची तयारी

चित्रपट कोणत्या प्रकारचा आहे ते आधी समजून घ्या. सूडपट, भयपट, कौटुंबिक नाट्य, प्रेमकथा, विनोदी धमाल, प्रत्येकाचे प्रेक्षकाशी काही अलिखित करार असतात. सूडपटात नायक एकटा वीस जणांना लोळवतो हा दोष नाही, तो करार आहे. त्या मारामारीला वजन नसेल, कोण कुठे उभा आहे तेच कळत नसेल किंवा जिंकण्याची कसलीच किंमत मोजावी लागत नसेल, तर मात्र तो दोष आहे. हा फरक कळण्यासाठी त्याच प्रकारातले दोन-तीन चांगले चित्रपट डोळ्यांखालून गेलेले हवेत. गेले नसतील, तर लिहिण्याआधी बघा.

मग वहीत तीन गोष्टी लिहा. या चित्रपटाकडून माझी काय अपेक्षा आहे? यातल्या कुणाबद्दल माझं प्रेम किंवा राग आधीपासून आहे? चित्रपटाभोवती चाललेल्या कोणत्या गोंगाटाचा माझ्यावर परिणाम झाला आहे? ही नोंद छापायची नाही. नंतर निराशा वाटली, तर ती चित्रपटाने केली की तुमच्या अपेक्षेने, हे तपासायला ती लागते.

इतरांची परीक्षणं, गल्ल्याचे आकडे आणि दिग्दर्शकाच्या मुलाखती या टप्प्यावर टाळा. त्यातही मुलाखती कटाक्षाने. ‘मला यातून अमुक सांगायचं होतं’ हे एकदा वाचलं की पडद्यावर तेच दिसायला लागतं, नसलं तरी.

इशारा: विनोदी चित्रपट आणि भयपट शक्यतो भरलेल्या थिएटरात पाहा. हे चित्रपट प्रेक्षकांची प्रतिक्रिया धरूनच बांधलेले असतात; संवादानंतर हशासाठी मोकळी जागा सोडलेली असते. घरी एकट्याने पाहताना तीच जागा संथपणा वाटते आणि लेखात उगाच ‘लय बिघडते’ असं लिहिलं जातं.

## २. पहिल्यांदा पाहताना: नोंद करा, मत देऊ नका

छोटी वही आणि पेन पुरे. मोबाइल नको, त्याच्या उजेडाचा शेजाऱ्याला त्रास होतो आणि तुमचंही लक्ष तुटतं. अंधारात मोठ्या अक्षरांत, पानावर चार-पाच ओळींपेक्षा जास्त नको. प्रत्येक नोंद दोन-तीन शब्दांची, दृश्य आठवण्यापुरती.

नोंद कशाची करायची? पहिली प्रतिमा आणि शेवटची प्रतिमा. मध्यंतराचा क्षण. पार्श्वसंगीत सुरू झाल्याचं जाणवलं ती जागा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते अचानक थांबलं ती जागा. तुमचं लक्ष उडालं तो क्षण. गळा दाटून आला तो क्षण. थिएटर हसलं कुठे आणि कुणावर हसलं. शिट्ट्या कशाला पडल्या.

विशेषणं लिहू नका. ‘भारी’, ‘बकवास’, ‘अप्रतिम’ यांतलं काहीही वहीत आलं की त्या दृश्याचा तपशील गेला असं समजा. ‘आई दार उघडते, चेहरा अंधारात’ अशी नोंद दोन दिवसांनीही कामाला येते. ‘आईचा सीन जबरदस्त’ ही नोंद त्याच रात्री निरुपयोगी होते.

नोंदी घेता घेता चित्रपट पाहायचाच राहून जातो, ही नवख्यांची नेहमीची अडचण. रमलात तर लिहू नका, रमून जा. आपण कुठे रमलो ही स्वतःच एक मोठी नोंद आहे, ती बाहेर आल्यावर करता येते.

तपासणी: बाहेर पडताना वहीत निदान दहा नोंदी आहेत का? त्यांतल्या निम्म्या तरी दिसण्या-ऐकण्याबद्दल आहेत का? सगळ्या फक्त ‘काय घडलं’ याच्या असतील, तर तुम्ही कथा ऐकून आलात. चित्रपट पाहायचा राहिला आहे.

## ३. त्याच दिवशी: आठवणीतून दृश्यं मांडणं आणि प्रश्न शोधणं

घरी आल्यावर कुणाशीही चर्चा करण्याआधी कोरा कागद घ्या आणि आठवतील तशी दृश्यं क्रमाने लिहा. वही उघडू नका. काही दृश्यं लख्ख आठवतील, काही पार पुसली गेली असतील. नंतर वहीशी ताडून पाहा. ज्या वीस मिनिटांतलं काहीच आठवत नाही, तिथे पटकथेने काय केलं होतं? बहुतेकदा तिथे आधी कळलेलीच गोष्ट पुन्हा सांगितलेली असते.

आता सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त वगळलं जाणारं काम: लेखाचा प्रश्न ठरवणं. प्रश्नाशिवाय लिहिलेला लेख यादी होतो. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण, संकलन, प्रत्येकाला एकेक ओळ वाटून दिली की सगळ्यांना न्याय दिल्यासारखं वाटतं. खरं तर कशाबद्दलच काही सांगितलेलं नसतं.

चांगला प्रश्न तुमच्याच प्रतिक्रियेतल्या विसंगतीतून निघतो. उदाहरणार्थ:

मध्यंतरापर्यंत नायकाचा राग मला पटत होता, नंतर पटेनासा झाला. मधल्या दृश्यांत काय बदललं?

खलनायक वाईट आहे हे माहीत असूनही तो पडद्यावर यायची मी वाट पाहत होतो. त्याला कसं दाखवलंय?

विनोद मला खटकत होता, तरी मी हसलो. ते हसू कशाने काढून घेतलं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दृश्यांकडे परत गेल्याशिवाय देता येत नाहीत, आणि प्रश्न चांगला असल्याची हीच खूण आहे. ‘चित्रपट चांगला आहे का?’ हा प्रश्न घेऊन बसलात, तर चित्रपट पुन्हा न पाहताही उत्तर देता येतं. म्हणूनच तो लेखाला पुरत नाही.

आणखी एक कसोटी: तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत असेल, तर प्रश्न बदला. लिहिता लिहिता तुम्हालाच काही सापडलं, तर ते वाचकालाही जाणवतं.

इशारा: कथेतल्या तर्काच्या चुका शोधण्याला समीक्षा समजू नका. ‘तो इतक्या लवकर तिथे पोचला कसा?’ हे विचारावं, पण त्या चुकीने दृश्याचा ताण बिघडला असेल तरच. पाहताना जी चूक जाणवली नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवून सापडली, तिला लेखात एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका.

## ४. दुसऱ्यांदा पाहणं

वेळ असेल तर हा टप्पा सोडू नका. १९६७ मध्ये ‘न्यूजवीक’चे समीक्षक जोसेफ मॉर्गनस्टर्न यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ची चांगलीच खरडपट्टी काढली होती. त्यानंतर त्यांनी तो भरलेल्या थिएटरात पुन्हा पाहिला आणि लगेच पुढच्या आठवड्यात दुसरा लेख लिहून पहिलं मत मागे घेतलं. याच्या उलट, अमेरिकन समीक्षक पॉलीन केल चित्रपट एकदाच पाहण्याचा आग्रह धरत. पहिल्या भेटीतली ऊब त्यांना जपायची असे. केल यांची स्मरणशक्ती आणि शेकडो चित्रपटांचा अनुभव पाठीशी असेल, तर एकदा पाहणं पुरेल. आपल्यापैकी बहुतेकांनी दोनदा पाहावं.

दुसऱ्यांदा पूर्ण चित्रपट पाहता आला नाही, तर निदान प्रश्नाशी संबंधित दोन-तीन दृश्यं थांबवत थांबवत पाहा. समीक्षक रॉजर इबर्ट सभागृहात चित्रपट लावून एकेक शॉट उलगडत. प्रेक्षकांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणालं की चित्रपट थांबे आणि त्या चौकटीवर, म्हणजे पडद्यावर थांबलेल्या चित्रावर, बोलणं होई. ऑनलाइन उपलब्ध चित्रपटावर हे आपल्याला घरबसल्या करता येतं. मी ते या क्रमाने करायला सांगेन:

पहिल्यांदा आवाज बंद करून दृश्य पाहा. कॅमेरा कुणाच्या जवळ आहे? बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो की ऐकणाऱ्याचा? चौकटीत कुणाला मधली जागा मिळाली आहे आणि कुणाला कोपरा?

मग डोळे मिटून फक्त ऐका. संवादांखाली काय वाजतंय? भावना अभिनेत्याने उभी केली आहे की व्हायोलिनने?

मग घड्याळ लावून एका मिनिटातले कट, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा सुरू होतो त्या जागा, मोजा. मारामारीचं दृश्य ‘वेगवान’ वाटलं, तर तो वेग माणसांच्या हालचालीचा आहे की फक्त कटांचा, हे मोजल्यावर कळतं. दर सेकंदाला कट असेल, तर ठोसा मारणारा आणि ठोसा खाणारा एका चौकटीत दिसतात का तेही पाहा. दिसत नसतील, तर तुम्ही मारामारी पाहिली नाही, तिचा भास पाहिला. हे वाईटच असं नाही, पण लेखात सांगण्यासारखं आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. ‘सैराट’चा (२०१६) शेवट. चित्रपट जुना झाल्यामुळे इथे तो सांगायला हरकत नाही. त्यावर अनेकांनी ‘सुन्न करणारा शेवट’ एवढंच लिहिलं. सुन्नपणा आला कुठून, ते दृश्यात शोधायला हवं. आर्ची आणि परश्याची हत्या पडद्यावर होताना दिसत नाही. त्यांचा छोटा मुलगा शेजारणीबरोबर घरी परततो आणि जे झालंय ते त्याच्या उंचीवरून आपल्यासमोर येतं. तो रडतो, पण ते रडणं ऐकू येत नाही. आवाज काढून घेतलेला आहे. मग तो बाहेर चालत जातो आणि फरशीवर त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे उमटत जातात. आता हे चित्रपटाच्या पूर्वार्धाशी जोडा. तो गाण्यांनी आणि वाद्यवृंदाच्या भरगच्च आवाजाने ओथंबलेला आहे. ज्या प्रेक्षकाला दोन तास संगीताने हात धरून नेलं, त्याचा हात नेमका इथे सोडला आहे. शेवटच्या शांततेला एवढं बळ येतं ते आधीच्या आवाजामुळे. गाणी ‘व्यावसायिक तडजोड’ होती आणि शेवट ‘खरा सिनेमा’ होता, अशी विभागणी म्हणूनच मला चुकीची वाटते. गाण्यांशिवाय तो शेवट तसा लागलाच नसता.

या परिच्छेदातला क्रम बघा: काय दिसतं, काय ऐकू येतं, ते आधीच्या कशाशी जोडलेलं आहे, आणि मगच मत. तुमच्या लेखातला प्रत्येक महत्त्वाचा परिच्छेद याच क्रमाने जायला हवा.

तपासणी: एक दृश्य तरी असं हवं, ज्याबद्दल तुम्ही विशेषण न वापरता आठ-दहा वाक्यं लिहू शकता. नसेल, तर पाचव्या टप्प्याकडे जाऊ नका.

## ५. श्रेय आणि दोष कुणाचा, हे सांभाळून

‘दिग्दर्शकाने इथे ठरवून…’ अशी सुरुवात करण्याआधी थांबा. पडद्यावर जे आहे त्याचा परिणाम तुम्ही खात्रीने सांगू शकता. ते कुणी आणि का केलं, हे बहुतेकदा नाही.

‘शोले’च्या (१९७५) मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे सेन्सॉरला मान्य नव्हतं, म्हणून ऐन वेळी पोलीस येतात असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. हे माहीत नसलेल्या लेखकाने ‘दिग्दर्शक अखेर कायद्यावर विश्वास दाखवतो’ असं लिहिलं, तर पूर्ण फसला. ‘जॉज’मध्ये (१९७५) शार्क बराच वेळ नीट दिसत नाही आणि भीती त्यामुळेच वाढते. यामागचं एक मोठं कारण असं की खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सतत बिघडत होता. म्हणून शार्कला अडकवलेली तरंगती पिंपं, पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा आणि संगीत यांच्यावर काम भागवावं लागलं. परिणामाचं विश्लेषण यामुळे खोटं ठरत नाही, फक्त हेतूबद्दलचं वाक्य बदलतं.

म्हणून वाक्याचा कर्ता बदला. ‘दिग्दर्शकाला सांगायचंय’ऐवजी ‘दृश्य असं सांगतं’. अभिनेत्याचं कौतुक करताना तो संवाद कुणी लिहिला आणि तो विराम संकलकाने ठेवला की अभिनेत्याने घेतला, याचा विचार करा. ठरवता येत नसेल, तर ‘हा विराम काम करतो’ एवढंच म्हणा.

## ६. चित्रपटाच्या विचारांवर लिहिताना

लोकप्रिय चित्रपटांवरच्या लेखनातला सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. एखादी गोष्ट दाखवणं आणि तिची तरफदारी करणं यांत फरक आहे. नायक बायकोवर हात उगारतो, एवढ्यावरून चित्रपट हिंसेच्या बाजूचा ठरत नाही. ‘शेवटी त्याला पश्चात्ताप होतो’ एवढ्यावरून तो हिंसेच्या विरोधातलाही ठरत नाही. दोन तास त्या माणसाला रुबाबात चालवून शेवटी पाच मिनिटं रडवलं, तर प्रेक्षकाच्या मनात रुबाबच उरतो.

चार गोष्टी पाहा. हात उगारला तेव्हा कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर राहतो? त्या क्षणी संगीत कुणाच्या बाजूने वाजतं? त्या कृतीचे परिणाम कुणी भोगताना दिसतं, आणि किती वेळ? पुढच्या दृश्यात चित्रपट ते लक्षात ठेवतो की गाण्यात विसरून जातो? उत्तरं वेगवेगळी आली, तर तसं लिहा. चित्रपट स्वतःच गोंधळलेला असू शकतो, आणि तो गोंधळ दाखवून देणं एकेरी ठपका ठेवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं असतं.

इशारा: प्रेक्षकांना नावं ठेवू नका. ‘असले चित्रपट चालतात कारण लोकांना अक्कल नाही’ हे वाक्य लिहिलं की तुमचं काम तिथेच थांबलं. लोकांना काहीतरी मिळालं आहे. ते काय, हे शोधणं हेच तर लेखाचं काम. उलट बाजूने, चित्रपट खूप चालला हा तो चांगला असल्याचा पुरावा नाही. गल्ल्याचा आकडा लेखात कुठल्याच बाजूने साक्षीला आणू नका.

## ७. प्रत्यक्ष लिहिणं

सुरुवात दृश्याने किंवा प्रश्नाने करा. निर्मितीसंस्था, तारखा, ‘बहुप्रतीक्षित’ वगैरे गोष्टींना पहिल्या परिच्छेदात जागा नाही. कथानक लेखाच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नको, आणि तेही प्रश्न समजण्यापुरतंच. नव्या चित्रपटाच्या मध्यंतरापुढचं उघड करायचं असेल, तर आधी तसं स्पष्ट सांगा. कलाटणी न फोडता मुद्दा मांडता येत नसेल, तर लेख काही आठवड्यांनी छापा. घाई कुणाचीच नाही.

तुमच्या मताच्या विरोधात जाणारं निदान एक दृश्य लेखात असलंच पाहिजे. चित्रपट आवडला असेल तर त्यातलं फसलेलं दृश्य, आवडला नसेल तर जमलेलं. ते एका वाक्यात उरकू नका. तुमचं मत त्याच्यासमोर टिकतं का ते वाचकासमोर तपासा.

मग वाक्यं साफ करा. काही नमुने:

‘पार्श्वसंगीत कर्णकर्कश आहे’ हे अपुरं. ‘वडील काही बोलण्याआधीच संगीत रडायला लागतं, त्यामुळे त्यांच्या गप्प बसण्याला अर्थ उरत नाही’ हे चालेल.

‘अभिनेत्रीने भूमिकेला न्याय दिला’ हे कुठल्याही चित्रपटातल्या कुठल्याही अभिनेत्रीबद्दल लिहिता येतं, म्हणून काढून टाका. ‘पत्र वाचताना ती चेहरा हलवत नाही, फक्त कागदाची घडी पुन्हा पुन्हा सरळ करते’ असं लिहिलं की वाचकाला ती दिसते.

‘संकलन अधिक कसून हवं होतं’ लिहायचं असेल, तर कोणतं दृश्य कुठे संपायला हवं होतं तेही सांगा. सांगता येत नसेल, तर दोष बहुधा संकलनाचा नाही, पटकथेचा आहे.

तारे किंवा गुण देणं बंधनकारक असेल, तर ते सर्वांत शेवटी ठरवा, लेख पूर्ण झाल्यावर. आधी ठरवलेले तारे लेखाला आपल्याकडे ओढतात. साडेतीन दिले की लेखकाचा हात आपोआप ‘पण’ आणि ‘तरीही’ शोधू लागतो.

## ८. छापण्याआधी

एक रात्र जाऊ द्या. सकाळी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा विचारही अडखळलेला असतो.

पात्रांची, कलाकारांची, लेखक-संकलक-छायाचित्रकारांची नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरून ताडा, आठवणीवरून नाही. उद्धृत केलेला संवाद पुन्हा ऐका. आठवणीतला संवाद नेहमी थोडा जास्त चटकदार झालेला असतो. वर्णन केलेल्या दृश्यांचा क्रम तपासा.

मग लेखातली सगळी विशेषणं अधोरेखित करा. ज्या विशेषणाच्या आगेमागे दृश्य नाही, ते खोडा किंवा दृश्य आणून ठेवा. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही आणि ज्याने पाहून उलट मत बनवलं आहे, अशा दोघांना लेख वाचायला द्या. पहिल्याला विचारा, ‘काय समजलं नाही?’ दुसऱ्याला विचारा, ‘कुठे मी चित्रपटावर अन्याय केलाय?’ दुसऱ्याने दाखवलेली जागा दृश्य पुन्हा पाहून तपासा. तो बरोबर निघाला तर परिच्छेद बदला. नाही निघाला तर त्याचा आक्षेप लेखात घ्या आणि उत्तर द्या. छापल्यानंतर कुणी तपशिलातली चूक दाखवली, तर ती लेखातच दुरुस्त करा आणि काय दुरुस्त केलं ते खाली लिहा.